प्रभाकरभावजींचं ऑपरेशन

दीपक घाडीचा आवाज चांगला होता, हे आधीच कबूल करून टाकू. म्हणजे मग बाकीचं बोलायला आपण मोकळे. देवाने त्याला आवाज दिला आणि तेवढ्यावर हात झटकले. त्या आवाजामागे माणूसही ठेवायचा असतो, हे बहुतेक घाईत राहून गेलं.

दादरला साड्यांच्या दुकानात तो सेल्समन होता. गादीवर उभा राहून पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा आणि अशा काही लडिवाळपणे "ताई, हा रंग तुमची वाट बघत थांबला होता" म्हणायचा की साधी कॉटन घ्यायला आलेली बाई पैठणी बांधून घेऊन जायची. चिंचपोकळीच्या लक्ष्मीदास चाळीत मंडळाचं नाटक असलं की हिरो हाच. अक्षतानेही त्याला तिथेच पाहिलं होतं. पाहिलं कसलं, ऐकलं होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर ती म्हणायची, "माणूस बघून घ्यायला हवा होता, मी नुसता ऐकून घेतला."

दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणात अक्षताच्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही, असं निघालं. मरता मरता वाचली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "तिसरं होऊ देऊ नका, जीव जाईल. गोळ्या हिला चालणार नाहीत, भूलही धोक्याची. तेव्हा दीपकराव, तुम्ही नसबंदी करून टाका. छोटं काम आहे, त्याच दिवशी घरी."

दीपकने मान डोलावली. नऊ वर्षं डोलावतच होता. कधी गणपती जवळ आलेले असायचे, कधी लग्नसराईचा सीझन. एकदा तर म्हणाला, "पितृपक्षात असली कामं कोणी करतं का गं?" जसं काही बाकीच्या महिन्यांत पूर्वजांनी त्याचे पाय धरून ठेवले होते! घाबरत होता मेला, दुसरं काय. सुई बघितली की याची पाचावर धारण बसायची. पण घाबरतो असं म्हणायलाही थोडी छाती लागते. मग निरोधची पाकिटं आणायचा केमिस्टकडून, आणि अक्षता दर महिन्याला जीव मुठीत धरून तारखेची वाट बघायची. पाळी आली की देवापुढे साखर ठेवायची. बायका पोर व्हावं म्हणून नवस करतात, ही होऊ नये म्हणून करायची, आणि ते कोणाला सांगताही यायचं नाही.

अशा माणसाला नेमकी ती मालिका मिळाली.

शिवाजी पार्कच्या ऋग्वेदा मॅडम एका संस्थेत होत्या. त्यांनी वस्तीतल्या रेडिओसाठी 'चौघांचं घर' नावाची श्रुतिका काढली. दर गुरुवारी दुपारी एक भाग. मॅडम परदेशातून शिकून आलेल्या. पहिल्याच दिवशी चाळीत येऊन त्यांनी सगळं समजावलं होतं. "लोकांना उपदेश केला की लोक कान बंद करतात. पण गोष्टीतल्या माणसाचा लळा लागला की त्याच्या मागे जातात. म्हणून एक पात्र चांगलं ठेवायचं, एक वाईट, आणि एक मधलं. सगळ्यात महत्त्वाचा तो मधला. तो आधी चुकतो, मग हळूहळू बदलतो. त्याला बदलताना बघून लोक बदलतात."

मधल्याचं काम दीपकला मिळालं. नाव प्रभाकर. त्याची बायको आजारी, दोन मुलं, आई तिसऱ्यासाठी मागे लागलेली, आणि हा कात्रीत सापडलेला. पहिले कित्येक भाग नुसता सुस्कारे टाकत होता. अक्षता तांदूळ निवडता निवडता ऐकायची. मॅडमना वाटायचं आपण कल्पनेतून लिहिलंय! मग नवरात्राच्या सुमाराला तो भाग आला. प्रभाकर बायकोचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "आजवर सगळं तूच भोगलंस. आता माझी पाळी. मी ऑपरेशन करून घेतो."

अख्ख्या गॅलरीत बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या नलूकाकी, सत्तरीच्या, अर्धं आयुष्य गिरणगावात काढूनही बोली अजून मालवणातलीच. त्या तर हुंदके द्यायला लागल्या. "काय गो अक्षता, नशीब काढलंस बाय! असो घोव सगळ्यांका गावांदे."

अक्षताने तांदळातला खडा उचलला आणि गॅलरीतून खाली टाकला. दुसरं काय टाकणार!

आणि इथूनच त्या येड्यांच्या बाजाराला सुरुवात झाली. नाटकातला खून खोटा असतो हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आवाज दारातल्या माणसाचा, बोली घरातली, बायको खरोखरच आजारी, मुलीही दोनच. तेव्हा लोकांनी धरूनच टाकलं की दीपकने हे आधी स्वतः केलं आणि मग रेडिओवर सांगितलं. नळावरची पोरंही त्याला प्रभाकरभावजी म्हणायला लागली. पुरुष नाक्यावर डोळे मिचकावायचे, "काय दीपकशेठ, मीटर बंद?" पहिले आठ दिवस दीपक चिडला. "ए, नाटक आहे ते," म्हणाला. तेवढं म्हणून थांबला असता तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण एके दिवशी खालच्या मजल्यावरचा वैभव जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "दीपकदादा, तुला म्हणून विचारतो. माझी बायको मागे लागलीये. दुखतं का रे?"

समोर प्रेक्षक दिसला की दीपकच्या जिभेला हाड राहायचं नाही. वैभवच्या खांद्यावर हात ठेवून तो आपल्या त्या मधाळ आवाजात म्हणाला, "मुंगी चावल्यासारखं. झालं कधी ते कळतही नाही."

हे वाक्य श्रुतिकेतलं होतं. मॅडमनी लिहिलेलं. हा फक्त पाठ म्हणाला. वैभव बिचारा सरळ माणूस, दिवाळी झाल्यावर जाऊन करून आला. चौथ्या दिवशी कामावर, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे तपासणीही करून घेतली. त्याची बायको गॅलरीत गाणी म्हणायला लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आणि त्या पाषाणाच्या सांगण्यावर दुसऱ्याचं घर सावरलं, हा आणखी एक विनोद.

वैभव करून आल्याचं कळलं त्या दिवशी अक्षताने दार लोटून दीपकला विचारलं, "त्याला का खोटं सांगितलंस?"

"अगं, चांगल्यासाठीच ना? त्याचं भलंच झालं."

"माझं कधी करतोस?"

"करतो म्हटलं ना! या माघात नक्की."

माघात काय झालं, तर सत्कार झाला. मंडळाचा माघी गणपती, त्यात सत्यनारायण, आणि नाक्यावर दीपकच्या फोटोचा मोठ्ठा फ्लेक्स. वर लिहिलेलं, 'जबाबदारी घेतो तोच खरा मर्द'. फोटोत कपाळाला टिळा, छातीवर हात. ऋग्वेदा मॅडमना वैभवकडून सगळं कळलं होतं, आणि त्यांना तर लॉटरीच लागली. मधला नुसता गोष्टीत नाही, खऱ्या आयुष्यात बदलला! त्यांनी माइकवर सांगितलं, "प्रभाकर आपल्यातच राहतो." शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. अक्षतालाही वर बोलावून खण-नारळाने ओटी भरली. दीपक हात जोडून म्हणाला, "मी फार काही केलं नाही." आयुष्यात एवढं खरं तो एकदाच बोलला असेल, आणि लोकांना तो नम्रपणा वाटला.

अक्षता मूग गिळून उभी राहिली. का, ते विचारू नका. बायकांची ही खोडच, नवऱ्याची नसलेली अब्रू आपल्या पदराखाली झाकत बसायचं. मुलींच्या बापाचं चारचौघांत हसं नको, असं तिला वाटलं. आणि घरी आल्यावर त्या सत्कारमूर्तीला आनंदाच्या भरात पाकीट आणायचं सुचलं नाही. "एका दिवसाने काय होतंय?" म्हणाला.

होळीच्या आधी नलूकाकी दारात बोंबील तळत होत्या. अक्षता लहानपणापासून बोंबलांवर वाढलेली बाई, पण वास नाकात गेला आणि ती तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. दुसऱ्या दिवशी सुकट, परत तेच. चाळीत दारं उघडी असतात, दुपारी दार लावलं तरी लोक विचारतात काय झालं म्हणून. तिथे बाईचं ओकणं लपून राहत नाही. दोन दिवसांत पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं, आणि प्रत्येकीच्या मनात एकच प्रश्न आला. घोव तर ऑपरेशन केलेलो, मग ह्या काय?

अक्षताने आधी दीपकला सांगितलं. डॉक्टरांचा तो एक शब्द, 'जीव जाईल', कानात नुसता घुमत होता. दीपक खाटेवर बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाला, "आता लोक काय म्हणतील गं?"

बस. तू कशी आहेस, नाही. हॉस्पिटलात कधी जायचं, नाही. लोक काय म्हणतील!

त्या क्षणी अक्षताच्या मनातून हा माणूस उतरला. राग आला असता तर बरं झालं असतं, रागावलेली बाई निदान समोरच्याला माणूस तरी समजते. तिला फक्त किळस आली, बोंबलांच्या वासाला आली तशीच.

दीपकने तोडगाही शोधला. संध्याकाळी नलूकाकींपाशी जाऊन सांगून आला की ऑपरेशन फेल गेलं. झालं! वैभवची बायको रडत वर आली, तिलाही आता भीती. करायच्या तयारीत असलेले दोन-तीन जण नाक्यावर "मग उपयोग काय?" म्हणून मागे फिरले. आणि वैभव दारात येऊन उभा. "दीपकदादा, फेल गेलं असेल तर तपासून घ्यायला पाहिजे. मीही परत करतो, तूही चल. उद्याच जाऊ."

"मी येत नाही. माझा अपमान आहे हा."

"अपमान कसला त्यात?"

दीपकने दार लावून घेतलं. आता चाळ म्हणजे काय खुळी आहे? ज्याचं खरंच फेल गेलं, तो तपासायला घाबरेल कशाला? म्हणजे ऑपरेशन ठीक आहे. म्हणजे घोळ बायकोच्या बाजूला आहे. कोणी गॅसवाल्याचं नाव घेतलं, कोणी आकांक्षाच्या क्लासच्या सरांचं. आकांक्षा अक्षताची मोठी, बारा वर्षांची. ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आई, खालच्या मुली मला विचारतात, तुझं नवीन भावंड कोणाचं म्हणून. म्हणजे काय गं?"

अक्षताने तिला जवळ ओढलं आणि दप्तर उतरवलं.

ऋग्वेदा मॅडम धावत आल्या. त्यांना अक्षताने जिन्यात उभं राहून सगळं खरं सांगितलं. नऊ वर्षांचं मान डोलावणं, वैभवला मारलेली थाप, सगळं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या चांगल्या बाई होत्या, हेही कबूल करू. गर्भपातासाठी डॉक्टरांची वेळ त्यांनी लगेच फोन करून घेतली. "वेळेत आहे, तुमची संमती पुरेशी आहे, काळजी करू नका," म्हणाल्या. आणि मग आवाज खाली करून, "फक्त एक विनंती. हे आत्ता बाहेर बोलू नका. शेवटचे सहा भाग बाकी आहेत. प्रभाकरवर लोकांचा विश्वास बसलाय, तो उडाला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"आणि माझ्यावरचा उडाला त्याचं काय, मॅडम?"

मॅडमच्या गोष्टीत चांगला, वाईट आणि मधला होते. मधल्याच्या बायकोने काय करायचं, हे कोणी लिहिलंच नव्हतं.

तरीही अक्षता एक दिवस थांबली. तिला वाटलं, हा बोलेल. पोरीला खाली काय विचारलं गेलं ते तिने त्याला सांगितलं होतं. बाप आहे, बोलेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नलूकाकींनीच त्याला गॅलरीत अडवलं. "दीपक, तू सांग बाबा. लोकांची तोंडां बंद कर. खरां काय ता सांग."

अक्षता आत पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग तो आवाज आला, तोच, भरून आलेला, हळवा. "मी कोणाला दोष देत नाही, काकी. माणसाच्या हातून चुका होतात. मी तिला सांभाळून घेईन."

ऐकलंत? सांभाळून घेणार होता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान बोंब मारतो हो, या हलकटाने सुस्कारा टाकला. स्वतःची बायको चाळीसमोर बदफैली ठरवली आणि वर क्षमाही करून मोकळा झाला. गॅलरीत कोणीतरी "देवमाणूस" असंसुद्धा म्हणालं.

अक्षताने ती पोळी तव्यावर टाकली, भाजली आणि मुलींना वाढली. रडली नाही. संध्याकाळी दीपक बॅग भरून "सुरतेला माल बघायला चाललोय" म्हणून निघून गेला. तिने विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आला. चालत आला तो पाय फाकवून, जिन्याची एकेक पायरी धरून. आत येताच दार लावलं, खाटेवर आडवा झाला आणि कण्हायला लागला. "बर्फ आण गं शेजारून, टॉवेलात गुंडाळून. कोणाला काही सांगू नकोस."

अक्षता बघत राहिली. तिला आधी कळेचना. मग कळलं. हा करून आला होता. तिचा जीव जाईल म्हटलं तेव्हा नऊ वर्षं ज्याचे पाय उचलले नाहीत, तो आपली शाल जाईल म्हटल्यावर धावत जाऊन टेबलावर झोपला होता.

"झालं बघ," दीपक म्हणाला. दुखत होतं तरी चेहऱ्यावर मोठा पराक्रम केल्यासारखा भाव. "आता वैभव नाही तर त्याचा बाप येऊ दे तपासायला. थोडे दिवस टाळतो, मग जाऊन येतो. रिपोर्ट बरोबर निघणार."

"रिपोर्ट बरोबर निघाला," अक्षता सावकाश म्हणाली, "तर माझ्या पोटातलं कोणाचं ठरेल?"

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिला वाटलं होतं, मूर्खपणाने केलं असेल, पुढचं सुचलं नसेल. पण त्याने नजर भिंतीकडे वळवली, आणि तिला कळलं की सुचलं होतं.

"लोक चार दिवस बोलतात गं," तो भिंतीला म्हणाला. "मी काही म्हणतोय का तुला?"

अक्षता उठली. दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. दुपारचं ऊन थेट खाटेवर पडलं. तिने गॅलरीतून वाकून हाक मारली, "वैभवभावजी, जरा वर या! नलूकाकी, तुम्हीसुद्धा. ह्यांना बर्फ हवाय."

"अगं, काय करतेस? दार लाव!" दीपक उठायला गेला आणि "आई गं" करून परत पडला.

वैभव आला. मागे त्याची बायको, नलूकाकी, आणि नळावरच्या आणखी चौघी. वैभवने खाटेवरच्या माणसाला बघितलं. फाकवलेले पाय, लेंग्यावर उमटलेला पट्टीचा ओला डाग, पोटावर धरलेली उशी, उघड्या बॅगेतून डोकावणारा नवाकोरा घट्ट लंगोट आणि कापसाची पुडी. ही सगळी सामग्री त्याच्या चांगल्या ओळखीची होती. त्याने स्वतः चार दिवस त्यात काढले होते.

"दीपकदादा," तो म्हणाला, "माझी पट्टी दिवाळीनंतर निघाली. तू तर माझ्या आधी केलेलंस ना? तुझी अजून ओली कशी?"

दीपकने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. एवढा गुणाचा आवाज, पण पाठ केलेलं वाक्य नसलं की त्याला घशातून बाहेर पडता येत नव्हतं.

नलूकाकींना थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! म्हणजे तू आत्ता करून इलंस? आणि हिच्या नावान शेण खालंस! तुका लाज कशी वाटणा नाय रे?" त्यांनी खुंटीवरची ती सत्काराची शाल ओढून काढली. मला वाटतं त्यांच्या मनात ती त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. पण चांगली लोकरी शाल, काकी काटकसरीच्या. त्यांनी ती घडी घालून अक्षताच्या हातात दिली. "हॉस्पिटलात थंडी असता. घे. चल, मी येतंय तुझ्यावांगडा."

हॉस्पिटलची वेळ त्याच दुपारची होती. अक्षताने कपड्यांची पिशवी भरली, मुलींना वैभवच्या बायकोकडे सोपवलं. आकांक्षा खाली जाताना जिन्यातल्या मुलींसमोर थांबली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "माझ्या बाबांनी खोटं सांगितलं होतं." तिला अर्थ पुरता कळला नव्हता, पण कोणाची मान खाली जायला हवी ते बरोबर कळलं होतं.

अक्षता उंबऱ्यापाशी चप्पल घालत होती. आतून दीपकचा आवाज आला, आता परत थोडा लाडिक झालेला. "अगं, असं सोडून जातेस? मला उठता येत नाही. चहा कोण देईल?"

ती वळली. गॅलरीतल्या बायका ऐकत होत्या, वैभव ऐकत होता.

"मुंगी तर चावलीये," अक्षता म्हणाली. "उठ आणि करून घे."

आणि दार तसंच सताड उघडं ठेवून ती नलूकाकींबरोबर जिना उतरली.